चार किलोमीटरच्या टेस्ट ड्राइव्हवर गाडी बुक करू नका, आणि आई-वडिलांना सोबत न्या

यवतेश्वरवाला:
नमस्कार मंडळी. दीड महिना झाला आमच्याकडे गाडी बघणं चालू आहे. जुनी हॅचबॅक अकरा वर्षं वापरली, गाडीची तक्रार काहीच नाही, पण आईचे गुडघे आता साथ देत नाहीत, खाली वाकून बसायचं आणि मग दाराला धरून उठायचं हे तिला जमत नाही. म्हणून उंच गाडी बघतोय. शोरूमवाले सरसकट सगळ्यालाच एसयूव्ही म्हणतात पण आपल्या बजेटमधल्या ह्या सगळ्या क्रॉसओव्हरच, कारच्याच प्लॅटफॉर्मवर बांधलेल्या, फक्त उंची वाढवलेली. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला, चार मीटरच्या आतली आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत असेल तर १८ टक्के, त्याच्या वर ४०, त्यामुळे आमची यादी आपोआप लहान झाली.

आता मुद्दा. पहिली टेस्ट ड्राइव्ह घेतली तेव्हा मी एकटाच होतो. शोरूममधून बाहेर, हायवेचा सर्व्हिस रोड, पुढच्या पुलाखालून वळसा, परत. रस्ता सपाट, एसी फुल, गाणी चालू, शेजारी सेल्सवाला मुलगा सनरूफ कसं उघडतं ते दाखवतोय. गाडी इतकी आवडली की मी टोकन द्यायला खिशात हात घातला होता. बायकोने फोनवर सांगितलं की आईंना एकदा बसवून बघा मग काय ते करा, म्हणून थांबलो.

पुढच्या शनिवारी तीच गाडी, आई, बाबा, बायको, मी आणि तो सेल्सवाला असे पाच जण. मी म्हटलं सर्व्हिस रोड नको, साताऱ्यातल्या समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट चढू. तो जरा का-कू करत होता पण आला. निघायच्या आधीच पहिली गोष्ट कळली. बाबा मागे बसले आणि त्यांची टोपी छताला टेकली. गाडीचं छप्पर मागे उतरतं केलेलं, बाहेरून दिसायला फार छान, पण बाबा पूर्ण वेळ मान पुढे काढून बसले होते आणि स्वतःहून एक शब्द बोलले नाहीत, मी आरशात बघितलं म्हणून कळलं. दुसरी गोष्ट, आईला सीटची उंची बरोबर होती पण दाराचा उंबरा रुंद, तिचा पाय साडीसकट त्याच्यावरून आत जाईना, आधी बसायचं आणि मग दोन्ही हातांनी पाय उचलून आत घ्यायचा असं करावं लागलं. आणि घाटात तिसऱ्या वळणावर समोरून एसटी आली, मी थांबलो, परत उचलताना एएमटी, म्हणजे आपोआप गिअर बदलणारा गिअरबॉक्स क्षणभर विचारच करत बसला, गाडी वीतभर मागे आली, मागे एक टू-व्हीलर होती. आईने माझ्या सीटची पाठ घट्ट धरली. सेल्सवाला म्हणाला सर एसी बंद करा ना, पिकअप येईल. आता एसी बंद करून घाट चढायचा असेल तर जुनी गाडी काय वाईट आहे?

म्हणून माझं मत पक्कं झालंय. घरचे सगळे, तुमचा रोजचा रस्ता, आणि जे व्हेरिएंट घेणार तेच. हे तिन्ही जमत नसेल तर बुक करू नका, शोरूमवाला कितीही म्हणो की ऑफर ३१ तारखेलाच संपते.

आकडेमोड:
तुमचा त्रास समजतो पण मी उलट बाजूने लिहितोय, राग मानू नका. टेस्ट ड्राइव्हला आपल्याकडे फाजील महत्त्व दिलं जातं. अर्ध्या तासात माणसाला काय कळतं? अकरा वर्षं एका गाडीची सवय असलेल्या हातापायांना कुठलीही नवी गाडी पहिले दोन-तीन दिवस परकीच वाटते. आठवड्याने तुम्हीच त्या एएमटीला सरावला असता, उचलताना हँडब्रेक लावून उचलला असता आणि विषय संपला असता.

गाडीच्या ज्या गोष्टींनी जीव वाचतो त्या टेस्ट ड्राइव्हमध्ये कधीच कळत नाहीत. नेक्सॉनला डिसेंबर २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅपचे, म्हणजे गाडी धडकवून घेतात त्या सुरक्षा चाचणीचे, पाच स्टार मिळाले, भारतात बनलेल्या गाडीला पहिल्यांदाच, ते कुणाला स्टिअरिंग हातात धरून कळलं असतं का? ऑक्टोबर २०२३ पासून आपलं स्वतःचं भारत एनकॅप आहे, निकाल सगळ्यांना बघायला खुले आहेत. ते आधी वाचा. मग सर्व्हिस सेंटर तुमच्या घरापासून किती लांब, तिथे गाडी किती दिवस अडकते, रिसेल काय येते. मी माझी गाडी एकही टेस्ट ड्राइव्ह न घेता बुक केली, तक्त्यात सात गाड्या मांडल्या, गुण दिले, सगळ्यात जास्त गुण जिला तिला घरी आणलं. चार वर्षं झाली, पश्चात्ताप नाही. लोक सनरूफ आणि लाल शिलाईच्या सीटवर भुलून पैसे घालवतात, आणि ह्या भुरळीची सुरुवात टेस्ट ड्राइव्हपासूनच होते.

घोडबंदरवाली:
आकडेमोड, तुमच्या तक्त्यात चालवणाऱ्याची उंची आहे का हो?

माझी पाच फूट एक इंच. आमच्याकडे रोज गाडी मी चालवते, मिस्टर लोकलने जातात. तीन शोरूम फिरलो, तिन्हीकडे किल्ली मिस्टरांच्या हातात दिली, मला मागचं दार उघडून दिलं आणि म्हणाले मॅडम तुम्ही कम्फर्ट बघा. चौथ्या ठिकाणी मी स्वतःच ड्रायव्हर सीटवर जाऊन बसले. आणि बसल्यावर काय दिसलं, तर एका गाडीत सीट सगळ्यात वर घेतली तरी बॉनेटची कड दिसत नाही आणि काचेच्या बाजूचा खांब इतका जाड की उजवीकडे वळताना रस्ता ओलांडणारा माणूस त्याच्यामागे पूर्ण झाकला जातो. मी सोसायटीच्या गेटवर वळत असताना वॉचमनकाका खांबाआड गेले आणि एकदम समोर आले. ब्रेक लागला, काही झालं नाही, पण ती गाडी तिथेच यादीतून गेली. पाच स्टार आतल्यांसाठी आहेत, बाहेरच्या माणसाचं काय?

यवतेश्वरवाले दादा, तुमचं बरोबर आहे, फक्त एक जोडा, बेसमेंटचा रॅम्प. आमच्याकडे बिल्डरने रॅम्प असा काढलाय की मधे काटकोनात वळण आणि वळणावरच चढ. टेस्ट ड्राइव्हची गाडी मी सरळ आमच्या पार्किंगमध्ये नेली, आमच्याच खांबांच्या मधे लावून बघितली. आम्ही क्रेटा बघत होतो, ४३३० मिलिमीटर, आणि चार मीटरच्या आतली एक. कागदावर फरक एका फुटापेक्षा थोडा जास्त. आमच्या पार्किंगमध्ये त्या एका फुटाने शेजाऱ्यांची गाडी बाहेर निघत नव्हती.

शोरूममधला:
मी ह्याच लाइनमध्ये आहे, सहा वर्षं. कंपनी सांगणार नाही. दोन्ही बाजू वाचल्या, आमची पण ऐका.

एका मॉडेलला डेमो गाडी बहुतेक एकच असते. शनिवार-रविवारी दिवसाला दहा-बारा टीडी, म्हणजे टेस्ट ड्राइव्ह. प्रत्येकाने घाटात नेली तर संध्याकाळी गाडी बघण्यासारखी राहत नाही. आणि त्यातले निम्मे लोक फक्त फिरायला येतात, मुलांना सनरूफमधून उभं करतात, ते बघून खरंच जीव घाबरतो. डिझेल-पेट्रोलचा हिशेब टीएलला, म्हणजे टीम लीडरला द्यावा लागतो. तुम्ही म्हणता सेल्सवाला का-कू करत होता, त्या मुलाला परत येऊन त्या दिवसात अजून चार टीडी द्यायच्या होत्या.

आणि एक तांत्रिक गोष्ट सांगतो. डेमो गाडीवर शंभर जणांनी हात साफ केलेला असतो. क्लच जळालेला, टायरमध्ये हवा कमी-जास्त. तिच्यावरून नव्या गाडीचं मत बनवू नका. घाटात मागे आली म्हणता, त्यात गाडीचा दोष किती आणि डेमो गाडीच्या क्लचचा किती हे कोण सांगणार? एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच, क्लच तुमच्या पायाऐवजी मशीन दाबते, तो क्लच गेला की ती अशीच वागते.

यवतेश्वरवाला:
शोरूममधला भाऊ, तुमच्या कामाबद्दल आदर आहे, त्या मुलाला मी बोललो नाही आणि बोलणारही नाही. पण बारा लाख रुपये मी देणार. बाबांच्या पीएफमधले त्यात चार. कांदे घेताना सुद्धा आपण दोन उचलून दाबून बघतो. डेमो गाडीचा क्लच खराब असेल तर तो बदलायचं काम शोरूमचं आहे, गिऱ्हाइकाने अंदाजाने वजाबाकी करायची का?

आणि आकडेमोड, हँडब्रेक लावून उचलायचं म्हणता, मला जमेल. माझी बायको आईला दवाखान्यात नेते तेव्हा तिलाही ते करावं लागेल. चढावर गाडी मागे येऊ न देणारं हिल होल्ड ज्यात आहे अशी गाडी त्याच किमतीत मिळत असताना आम्ही ही सवय का लावून घ्यायची?

तरी तुमची एक गोष्ट मानली. एनकॅपचं मी बघितलंच नव्हतं. रात्री बसून वाचलं आणि यादीतली एक गाडी त्यामुळे कमी केली.

फोंडेकार:
मी सगळ्यांच्याच विरुद्ध. तुम्हाला क्रॉसओव्हर हवीच कशाला?

फ्रॉन्क्स घ्या उदाहरणाला. बलेनोच्याच प्लॅटफॉर्मवर, व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, दोन्हीचा २५२० मिलिमीटर, १.२ चं इंजिन तेच. ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतची उंची, बलेनोचा १७०, हिचा १९०. म्हणजे दोन सेंटिमीटरसाठी आणि दिसण्यासाठी जास्त पैसे. फोंड्यात आमच्या वाड्यावर यायचा रस्ता एका गाडीपुरता, दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, आणि पावसात कडेची माती वाहून गेली की रस्ता ताटासारखा वर राहतो. मी तिथे सोळा वर्षं सेडान चालवतोय. गाडी उंच असली की माणूस बेफिकीर होतो, खड्डा टाळायचं सोडून त्यात घालतो.

आणि तो १९०, २०० चा आकडा बहुतेक वेळा रिकाम्या गाडीचा. पाच माणसं आणि गणपतीला जाताना डिकीत सामान भरा, मग खाली वाकून बघा किती उरतं ते.

यवतेश्वरवाला:
फोंडेकार, तुमचं शेवटचं वाक्य माझ्याच बाजूचं आहे. पाच माणसं भरून चालवल्याशिवाय ते कसं कळणार? आम्ही दुसऱ्या एका गाडीत पाच जण बसून कॉलनीतल्या त्या बेकायदा स्पीडब्रेकरवरून गेलो, जो प्रत्येक गाडीला घासतो. तिला नाही घासला. मी उतरून तिथेच त्या सेल्सवाल्याला म्हटलं, ही यादीत राहणार.

आणि उंच हवी ती खड्ड्यांसाठी नाहीच, आईच्या गुडघ्यांसाठी.

आकडेमोड:
परवापासून ह्यावर विचार करतोय. माझं मुख्य म्हणणं मी सोडत नाही, अर्ध्या तासाच्या भावनेवर दहा वर्षांचा निर्णय घेऊ नये. ह्या चर्चेतच बघा, डेमो गाडीच्या जळक्या क्लचवरून एक गाडी बाद झाली आणि कदाचित ती चांगली असेल.

पण घोडबंदरवालींचा खांब आणि तुमच्या आईंचा पाय, ह्याचे आकडे कुठेच छापलेले नसतात हे खरं. माझी आईपण सत्तर पार आहे. ती आमच्या गाडीत पुढे बसते आणि उतरताना प्रत्येक वेळी ‘थांब हं जरा’ म्हणते. चार वर्षं ऐकतोय. तुमची पोस्ट वाचून काल पहिल्यांदा तिच्या बाजूला जाऊन उभा राहिलो आणि बघितलं. तीही उंबऱ्याशीच अडकते.

आता एक काम करा. पुढच्या टेस्ट ड्राइव्हला मोजायची टेप घेऊन जा. जमिनीपासून सीटच्या कडेपर्यंत उंची, उंबऱ्याची बाहेरच्या कडेपासून सीटपर्यंतची रुंदी, आणि दार पूर्ण उघडल्यावर खाली पायाला किती जागा. घरी आई ज्या खुर्चीवरून आधार न घेता उठतात तिची उंची आधी मोजून ठेवा, सीट तेवढी किंवा बोटभर जास्त हवी, त्याहून फार जास्त झाली तर चढताना त्रास. आकडे इथे टाका, मी सगळ्या गाड्यांचा तक्ता करतो.

शोरूममधला:
यवतेश्वरवाले साहेब, शनिवार-रविवार आणि महिन्याचा शेवटचा आठवडा टाळा. मंगळवार-बुधवार सकाळी दहाला जा, शोरूम रिकामं असतं, गाडी नुकतीच धुतलेली असते आणि सेल्सवाल्याला घाई नसते. आदल्या दिवशी फोन करून स्पष्ट सांगा की घाटात नेणार आणि पाच जण असू. जो तेव्हाच हो म्हणेल तिथे जा. डेमो गाडी बहुतेक टॉप मॉडेल असते, तुम्ही मधलं घेणार असाल तर टायर आणि सीट वेगळी निघू शकते, ते विचारून घ्या. लायसन्स ओरिजिनल न्या.

यवतेश्वरवाला:
बुधवार सकाळ ठरली. फोनवर सांगितलं, हो म्हणाले, म्हणाले आणा आईंना.

खुर्ची मोजली. देवघरासमोरची लाकडी, त्या एकाच खुर्चीवरून आई हात न टेकता उठते. एकोणीस इंच. आई विचारत होती खुर्ची कशाला मोजतोयस, सांगितल्यावर म्हणाली मग बाबांची टोपी पण मोज, चार बोटं घालून. टेप बॅगेत ठेवली आहे. बुधवारी रात्री आकडे टाकतो.