प्रत्येक म्हातारा रॉकस्टार शेवटी सिनात्रा का होतो?

वाटाण्याच्या अक्षता (धागाकर्ता)

काल रात्री झोप येईना म्हणून रोलिंग स्टोन्सचा गिटारवादक कीथ रिचर्ड्सची २०१५ची ती मुलाखत परत वाचली. बाबा रॅपवर असा घसरलाय की विचारू नका, म्हणे एक ठेका आणि त्यावर ओरडणारा कोणीतरी, एवढ्यात ह्या लोकांचं भागतं, आणि ज्यांना एक सूर दुसऱ्यापासून ओळखता येत नाही त्यांचं मार्केट केवढं मोठं आहे बघा. मेटॅलिका आणि ब्लॅक सॅबथ म्हणजे तर त्याच्या लेखी निव्वळ विनोद.

आता गंमत बघा. १९६४ साली हेच स्टोन्स पहिल्यांदा अमेरिकेला गेले तेव्हा एका टीव्ही शोचा सूत्रसंचालक होता डीन मार्टिन, जुन्या पिढीतला गायक. त्याने ह्यांचं गाणं झाल्यावर डोळे फिरवले, केसांवरून टोमणे मारले, आणि पुढच्या कसरतवाल्याकडे बोट दाखवून म्हणाला की हा ह्या पोरांचा बाप, तेव्हापासून बिचारा जीव द्यायचा प्रयत्न करतोय! कीथ तेव्हा वीस वर्षांचा. तो अपमान हा माणूस विसरला असेल असं मला वाटत नाही, तरी पन्नास वर्षांनी स्वतः त्याच खुर्चीत जाऊन बसला.

फ्रँक सिनात्रा, रॉकच्या आधीच्या पिढीचा लाडका गायक, त्याचंही तेच. १९५७ मध्ये रॉक अँड रोलला हिडीस, पाशवी, विकृत काय काय म्हणून झालं आणि १९६०ला एल्विस लष्करातून सुटून आल्या आल्या त्यालाच आपल्या टीव्ही शोवर पाहुणा म्हणून बोलावलं, दोघांनी एकमेकांची गाणीसुद्धा म्हटली. मानधन भरभक्कम होतं म्हणतात.

आणि १९७६-७७ला पंक (तीन कॉर्डांचं, वेगवान, रागीट रॉक) आलं तेव्हा तर काय, ज्यांनी दहा वर्षांपूर्वी आईबापांची झोप उडवली होती तेच म्हणायला लागले की ह्या पोरांना गिटार धरता येत नाही. माझं म्हणणं एवढंच की ह्यात संगीताचा भाग चार आणे आणि जागा जायची भीती बारा आणे. बोला.

सहा तारा

असहमत. अक्षता, तुम्ही दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी करताय. सिनात्राला रॉकची चीड होती ती नैतिक, म्हणजे पोरं बिघडतील वगैरे. लेड झेपेलिनचा जिमी पेज किंवा एरिक क्लॅप्टन अशा नावाजलेल्या गिटारवादकांच्या पिढीतले लोक पंकला नाकं मुरडायचे ते कसबावरून. मी तीस वर्षं गिटार शिकवतोय हो. माझ्याकडे पोरगं येतं, बोटांना फोड येतात, एफचा बार कॉर्ड स्वच्छ वाजायला कधी कधी तीन महिने जातात, आणि मग कोणीतरी येऊन सांगतं की तीन कॉर्ड आले की बँड काढा, बाकीचं सगळं ढोंग. पोरगं क्लास सोडतं. मी फीसाठी रडत नाहीये, पण ज्याने रियाज केलाय त्याला रियाजाची टिंगल टोचणारच. त्याला भीती काय म्हणता?

आणि मुंबईच्या रंगभवनचे दिवस मी पाह्यलेत. इंडिपेन्डन्स रॉक ह्या रॉक महोत्सवाला पावसात भिजत उभे असायचो. एका बँडची (नाव कशाला) जी तार उतरलेली होती, मला शेवटच्या रांगेत कळत होतं, त्यांना स्टेजवर कळत नव्हतं. शेजारचा म्हणे, काका हीच तर ॲटिट्यूड आहे. ॲटिट्यूड कसली डोंबलाची, खाली बसून दहा सेकंदात तार लावायची ना!

नाठाळ

बसलो पॉपकॉर्न घेऊन. बाय द वे काका, तुम्हाला तेव्हाच काका म्हणत होते?

चिंगी मँचेस्टरकर

थोडं माझ्या गावाबद्दल, कारण हा वाद बघायचा असेल तर एकच इमारत पुरे आहे. ऑफिसातून येताना माझी ट्राम फ्री ट्रेड हॉल ह्या जुन्या सभागृहाच्या जवळून जाते. समोरची जुनी दगडी कमानी भिंत तेवढी ठेवलीय, मागे आता हॉटेल आहे, आणि माझ्या नवऱ्याला लग्नानंतर पाच वर्षं मी ती भिंत दाखवतेय, तो दरवेळी "हो का" म्हणतो.

१७ मे १९६६ला इथे बॉब डिलन इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभा राहिला आणि प्रेक्षकांतून एकजण ओरडला, "ज्यूडस!" म्हणजे गद्दार. लोकसंगीत सोडून हा गोंगाट करतोस म्हणून. दहा वर्षं आणि काही दिवसांनी, ४ जून १९७६ला, ह्याच इमारतीतल्या छोट्या हॉलमध्ये सेक्स पिस्टल्स हा पंक बँड वाजला. प्रेक्षक जेमतेम चाळीसेक असतील. (आज मँचेस्टरात पन्नाशीच्या पुढच्या कोणालाही विचारा, तो तिथे होताच.) त्यात बर्नार्ड सम्नर आणि पीटर हुक होते, हुकने दुसऱ्या दिवशी जाऊन बेस गिटार विकत घेतली, आणि त्यातून पुढे जॉय डिव्हिजन हा बँड झाला. सहा तारा काका, तुमच्याकडची पोरं क्लास सोडून गेली असतील पण हे गृहस्थ त्या एका बेसुऱ्या रात्रीमुळे वाद्याला हात लावते झाले. हा हिशेब पण धरा की.

कोरा कागद

चिंगीताई +१. पण मला वाटतं कसब आणि भीती दोन्ही सोडून मधला मुद्दा राहतोय, पैसा. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर इंग्लंडात बेकारी दहा लाखांवर गेली होती, १९७६ला सरकारला नाणेनिधीकडे हात पसरावे लागले. आणि त्याच वेळी रॉकवाले काय करत होते तर एमर्सन, लेक अँड पामर १९७७ला अख्खा ऑर्केस्ट्रा बरोबर घेऊन दौऱ्यावर निघाले, तो खर्च त्यांनाच झेपला नाही आणि वाटेत वादकांना परत पाठवावं लागलं. आता ज्याच्या बापाची नोकरी गेलीय अशा अठरा वर्षांच्या पोराने ट्रकभर सिंथेसायझर कुठून आणायचा? न्यूयॉर्कच्या रमोन्स ह्या पंक बँडचा पहिला अल्बम बघा, १९७६, चौदा गाणी, एकोणतीस मिनिटं, खर्च साडेसहा हजार डॉलरच्या आत. तो अल्बम म्हणजे पोरांना कळलेलं गणित होतं, हे आपल्यालाही जमेल. म्हाताऱ्यांचा संताप मला वाटतं तिथला आहे, की ज्या दारावर आपण पहारा बसवला होता त्याच्या शेजारची भिंतच पाडली.

सहा तारा

कागद, हे वाक्य छान आहे पण पटत नाही. क्लॅप्टन काय, पेज काय, श्रीमंतांची पोरं नव्हती. फुटक्या गिटारीवर ब्लूजच्या तबकड्या घासून घासून शिकले. गरिबीत रियाज होत नाही असं कोणी सांगितलं? आपल्याकडे तर सगळा इतिहासच उलटा आहे.

वाटाण्याच्या अक्षता

काका, एक मिनिट. द क्लॅश ह्या पंक बँडचं काय करायचं मग? १९७७ला म्हणत होते एल्विस नको, बीटल्स नको, स्टोन्स नको. दोन वर्षांनी, डिसेंबर १९७९ला, 'लंडन कॉलिंग' काढला, एकोणीस गाणी, त्यात रेगे आहे, रॉकाबिली आहे, जॅझची झाक आहे, आणि टॉपर हेडनचे ड्रम्स ऐका, कुठल्याही प्रोग रॉकवाल्याच्या (म्हणजे लांबलचक, अवघड वाजवणाऱ्या) तोडीचे. डबल अल्बम आणि किंमत एकाची.

सहा तारा

म्हणजे शेवटी शिकावंच लागलं ना!! माझंच म्हणणं सिद्ध केलंत. दंडवत घ्या.

नाठाळ

हा सिक्सर होता काका, मान्य.

पण मला दोन्ही बाजूंची एक गोष्ट खटकते. तुम्ही धरून चाललाय की म्हातारे विरुद्ध पोरं असं खरंच युद्ध होतं. अर्धं तर दुकानदारी होती. सेक्स पिस्टल्सचा गायक जॉनी रॉटन, त्याच्या त्या पिंक फ्लॉइडच्या (जुन्या पिढीतला बडा बँड) टीशर्टवर त्याने हाताने लिहिलं होतं, आय हेट. फोटो जगभर गेला. पण हाच माणूस जुलै १९७७ला लंडनच्या एका रेडिओवर आपल्या आवडीच्या तबकड्या घेऊन गेला आणि वाजवलं काय, तर पीटर हॅमिल, म्हणजे अस्सल प्रोगवाला, कॅन, कॅप्टन बीफहार्ट आणि ढीगभर रेगे. त्याच्या मॅनेजरचा, मॅल्कम मॅक्लॅरेनचा, पारा चढला म्हणतात, कारण जंगली म्हणून विकायला काढलेला पोरगा चांगला कानसेन निघाला.

उलट बाजूला लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट स्वतः १९७७च्या सुरुवातीला कॉव्हेंट गार्डनच्या रॉक्सी क्लबात डॅम्ड ह्या पंक बँडला ऐकायला गेले होते. कोणी पकडून नेलं नव्हतं. आणि त्याच डॅम्डना दुसऱ्या अल्बमसाठी निर्माता म्हणून कोण हवा होता? पिंक फ्लॉइडचा सिड बॅरेट. तो काही मिळाला नाही, मग आला निक मेसन, फ्लॉइडचाच ड्रमर, फ्लॉइडच्याच स्टुडिओत. अल्बम आपटला ती गोष्ट वेगळी.

तेव्हा अक्षता, 'प्रत्येक' म्हातारा हा तुमच्या शीर्षकातला शब्द चुकलाय.

चिंगी मँचेस्टरकर

'द हू' ह्या बँडचा पीट टाउनशेंड राहिला की नाठाळ! १९७७ला दिवसभर पैशांच्या वाटाघाटीत सडून तो एका क्लबात दारू प्यायला गेला, तिथे पिस्टल्सचे पॉल कुक आणि स्टीव्ह जोन्स भेटले. हा त्यांना सांगतोय की रॉक संपलं, हू संपलं, आता तुम्हीच काय ते बघा, आणि ती दोघं हवालदिल, कारण ते हूचे पक्के फॅन, स्वतःच्या कार्यक्रमात हूचं गाणं वाजवायचे! म्हणजे म्हातारा गादी सोडायला तयार आणि पोरं म्हणतायत, नाही हो काका, तुम्हीच बसा. (म्हातारा कसला, टाउनशेंड तेव्हा बत्तीसचा पण नव्हता झाला. इथले निम्मे प्रतिसादक त्याच्याहून मोठे असतील.)

कोरा कागद

हे वय लक्षातच नव्हतं आलं माझ्या. बत्तिशीच्या आत आणि डायनोसॉर!

वाटाण्याच्या अक्षता

नाठाळ, 'प्रत्येक' मागे घेतो. शीर्षक बदलायची सोय असती तर 'बरेचसे' केलं असतं, पण मग कोणी धागा उघडला नसता.

मात्र मूळ मुद्दा सोडत नाही, कारण तुमचाच रॉटन माझा पुढचा साक्षीदार आहे. ज्याला १९७६ला सगळं इंग्लंड शिव्या देत होतं, तो नंतर ग्रीन डे ह्या अमेरिकन पंक बँडवर किती वेळा घसरलाय! नकली पंक, आयतं खाणारे वगैरे. म्हणजे पंकचीसुद्धा आता घराणी झाली आणि घराण्याचे बुजुर्ग गंडा बांधल्याशिवाय कोणाला आत घेत नाहीत.

ह्याच ग्रीन डेला बघायला मार्च २०२५ला माझा सोळा वर्षांचा भाचा महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर गेला होता, बरोबर मोठं माणूस हवं म्हणून मी. मी त्यांचा 'अमेरिकन इडियट' २००४ला कॉलेजात कॅसेट झिजेपर्यंत ऐकलेला माणूस, घसा बसेस्तोवर ओरडलो. पोरगं मजेत होतं पण परत येताना टॅक्सीत म्हणतो कसा, मामा, चांगले आहेत, पण थोडे जुन्या टाइपचे आहेत ना? आणि मग त्याने मला त्याच्या आवडीचं काहीतरी ऐकवलं, आवाज सगळा मशीनमधून काढलेला, ड्रम खेळण्यातले वाटावेत असे. माझ्या तोंडून निघालंच, हे काय संगीत आहे का रे. त्याने हेडफोन कानाला लावला आणि दादरपर्यंत खिडकीबाहेर बघत बसला.

नाठाळ

😂😂 सिनात्रासाहेब, नमस्कार.

कोरा कागद

अवांतर: भाच्याने काय ऐकवलं ते नाव द्या हो, मला ऐकायचंय.

वाटाण्याच्या अक्षता

नाव विचारलंच नाही ना. तेच तर.

सहा तारा

दोन दिवसांनी येतोय, धागा वर काढल्याबद्दल माफी. कागद यांच्या त्या एकोणतीस मिनिटांवरून डोकं तापलं होतं म्हणून काल क्लास सुटल्यावर दार लावून घेतलं आणि म्हटलं बघूच हा पोरखेळ, रमोन्सचा तो अल्बम लावून बरोबरीने वाजवू. कॉर्ड काय, पहिल्या ऐकण्यातच कळले, कोणाही विद्यार्थ्याला आठवड्यात येतील. पण तो जॉनी रमोन सगळं डाउनस्ट्रोकने वाजवतो, म्हणजे हात फक्त खाली, वर येताना तार छेडायची नाही, आणि त्या वेगात. वरखाली वाजवलं तर सोपं जातं पण मग तो आवाज येत नाही, तो करवतीसारखा सलग आवाज, मी दोन्ही करून बघितलं. डाव्या हाताला काही काम नाही आणि उजवं मनगट दगड. तिसऱ्या गाण्याच्या मध्यात पिक हातातून उडालं ते कपाटामागे गेलंय, अजून सापडलं नाही. चौदा गाणी सलग हा माणूस रोज रात्री स्टेजवर कशी वाजवायचा देव जाणे.

ही म्हणते, ह्या वयात काय थेरं. मनगटाला बाम चोळून बसलोय, एका बोटाने टाइप करतोय.

उतरलेल्या तारेबद्दलचं माझं मत मात्र तेच आहे.