गाळाला कॉस्टिक दिल्यावर गॅस आधी वाढला, आता उतरतोय. काय चुकतंय?

प्रश्न:
नमस्कार मंडळी, मी सेकंडरी स्लजवर, म्हणजे सांडपाणी शुद्ध करताना जिवाणूंच्या वाढीतून उरणाऱ्या गाळावर काम करतोय, ४ टक्के घन भागापर्यंत घट्ट केलेला. डायजेस्टरला (हवेविना गाळ कुजवून गॅस देणारी टाकी) घालायच्या आधी लिटरला ८ ग्रॅम कॉस्टिक सोडा टाकून रात्रभर ठेवतो, पीएच १२ च्या आसपास जातो, सकाळी झाकण उघडलं की अमोनियाचा भपकारा येतो आणि गाळ पार पातळ, काळ्या चहासारखा झालेला असतो. विरघळलेला सीओडी (सेंद्रिय पदार्थाचं माप) चौपट-पाचपट मिळतो. रिॲक्टर, म्हणजे हाच डायजेस्टर, ५ लिटरचा, ३७ अंश, एचआरटी (गाळ आत राहण्याचा सरासरी काळ) २० दिवस. पहिले दोन आठवडे गॅस मस्त वाढला, मला वाटलं जमलं, पण पाचव्या आठवड्यापासून रोज थोडाथोडा उतरतोय, आता साध्या गाळापेक्षाही कमी आहे आणि व्हीएफए (मिथेन बनण्याआधीची सेंद्रिय आम्लं) चढतंय. मिथेनची टक्केवारी मात्र वाढलेलीच आहे, त्यामुळे डोकं चालत नाहीये.

उत्तर १:
सोडियमचा हिशोब केलात का? ८ ग्रॅम कॉस्टिकमध्ये सोडियम ४.६ ग्रॅम. मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांना लिटरला साधारण ३.५ ग्रॅम सोडियमच्या पुढे त्रास सुरू होतो. ते सोडियम रिॲक्टरमध्ये एकदम येत नाही, रोज थोडा गाळ बदलतो तसं साठत जातं, २० दिवसांत त्या पातळीच्या ६३ टक्के आणि ४० दिवसांत ८६ टक्के, म्हणजे ४ ग्रॅमच्या जवळ. तुमचा पाचवा आठवडा बरोबर तिथेच येतो बघा. डोस अर्ध्यावर आणा, आणि सगळा गाळ न भिजवता थोडाच भिजवून बाकीचा तसाच घाला.

उत्तर २:
टक्केवारीवर जाऊ नका दादा. उरलेलं कॉस्टिक कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं, म्हणून गॅसमध्ये मिथेन जास्त दिसतो, मिलिलिटर वाढलेले नसतात. दर ग्रॅम व्हीएसला (गाळातला सेंद्रिय घन भाग) किती मिथेन हेच लिहून ठेवा. आणि रिॲक्टरचा पीएच बघा, ८ कडे गेला असेल तर मोकळा अमोनियासुद्धा मिथेन बनवणाऱ्यांना रोखतो. सीओडी विरघळला म्हणजे तो सगळा पचतोच असं नाही, हे मला फार उशिरा कळलं, मी कित्येक महिने नुसता सीओडीच मोजत बसले होते.

प्रश्नकर्ता:
पीएच आत्ताच बघितला, ७.९!! मग कॉस्टिकच्या जागी चुना चालेल का? नाहीतर ॲसिड?

उत्तर १:
चुन्यात सोडियम नाही हे खरं, पण कॅल्शियम सुटलेला चिकट भाग परत बांधून टाकतं, त्यामुळे गाळ तेवढा फुटत नाही. सल्फ्युरिक तर नकोच, सल्फेटवर जगणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड करतात आणि मिथेनवाल्यांचं खाणं पळवतात. आत्ता आठवडाभर साधा गाळ घाला, व्हीएफए उतरू द्या. मग बाटल्यांमध्ये बीएमपी (गाळातून जास्तीत जास्त किती मिथेन निघतो ती चाचणी) लावा, लिटरला २, ४ आणि ६ ग्रॅम कॉस्टिकची, सोबत एक बिनकॉस्टिकची आणि एक नुसत्या इनोक्युलमची (चालू डायजेस्टरमधलं विरजण). शिवाय तेवढंच सोडियम मिठातून दिलेली एक बाटली ठेवा, म्हणजे दोष सोडियमचा की पीएचचा ते कळेल.

उत्तर २:
आणि पचून निघालेल्या गाळातलं पाणी किती सुटतं तेही बघा, कॉस्टिकने बारीक कण वाढतात आणि पाणी काढायला पॉलिमर (कण एकत्र बांधणारं रसायन) जास्त लागतं, गॅसमध्ये कमावलेलं तिथे जाऊ शकतं.