जुनं पीसीआय कार्ड नव्या पीसीत बसवायचंय, अडॅप्टर चालतो का?

शिरोलीवाला
आमच्या वर्कशॉपात एक जुनं वायरकट मशीन (तारेनं धातू कापणारं) आहे, त्याचं कंट्रोल कार्ड पीसीत बसतं आणि सॉफ्टवेअर अजून विंडोजच्या आधीच्या डॉसवरच चालतं. गेल्या आठवड्यात मदरबोर्ड गेला, कॅपॅसिटर फुगलेले, बदलून बघितले तरी डिस्प्ले येईना. नवीन पीसी आणला तर त्यात ते जुने पांढरे पीसीआय स्लॉटच नाहीत, सगळे नव्या पद्धतीचे पीसीआय एक्सप्रेस. दुकानदार म्हणतोय ऑनलाईन अडॅप्टर मिळतो, लावा आणि विषय संपवा. खरंच एवढं सोपं आहे का? पार्टी रोज फोन करतेय आणि कार्ड जळालं तर नवीन कंट्रोलर घ्यायची ऐपत नाही राव.

लॅमिंग्टन_फेरी
आधी कार्ड नक्की पीसीआय आहे का बघा. सोनेरी दाते बारीक बारीक असतील तर पीसीआय. रुंद जाड दाते आणि बोर्डावर लांब काळा स्लॉट असेल तर आयएसए, म्हणजे पीसीआयच्याही आधीची पद्धत, मग हा अडॅप्टर विसरा. खाच कुठे आहे तेपण सांगा.

शिरोलीवाला
दाते बारीक आहेत. खाच एकच, मागच्या पत्र्याच्या पट्टीपासून लांबच्या टोकाला.

जुनाट_हार्डवेअर
म्हणजे ५ व्होल्टचं पीसीआय. यासाठी अडॅप्टर आहेत, त्यात एक ब्रिज चिप असते ती दोन्हीकडची भाषा जुळवते. स्पीडची काळजी नको, जुनं पीसीआय सेकंदाला १३३ एमबी आणि एक्सप्रेसची एक लेन (डेटा जायची एक वाट) पहिल्या पिढीतच २५० एमबी.

घोळ दुसरीकडे होतो. एक्सप्रेस स्लॉटमधून ५ व्होल्ट येतच नाही, ते पॉवर सप्लायची मोलेक्स किंवा साटा वायर अडॅप्टरला लावून द्यावं लागतं. तुमच्या कार्डाला उणे १२ व्होल्ट लागत असेल तर अजून बघून घ्या, स्वस्तातल्या अडॅप्टरवर ते नसतंच बऱ्याचदा. आणि थेट स्लॉटात बसणारा अडॅप्टर घेतला तर कार्ड वर उचललं जातं, मग मागची पट्टी कॅबिनेटला लागत नाही आणि मशीनच्या शेजारी थरथरीने कार्ड हललं की जॉब गेला. केबलवाला घेतला तर त्यातली निळी वायर यूएसबीसारखी दिसते पण यूएसबी नाही, पीसीच्या पोर्टात चुकूनही घालू नका.

पण तुमचं खरं दुखणं डॉस. ब्रिजच्या पलीकडे गेलेलं कार्ड वेगळ्या बस नंबरवर (बस म्हणजे पीसीच्या आतली डेटाची वाट) दिसतं, आणि काही जुने प्रोग्राम फक्त बस शून्यावरच शोधतात. कार्ड जिवंत असून सॉफ्टवेअर म्हणणार कार्ड नाही. शिवाय बऱ्याच नव्या बोर्डांत जुन्या पद्धतीचं, म्हणजे लेगसी बूटच काढून टाकलंय, तिथे डॉस उठणारच नाही मग अडॅप्टर कितीही भारी घ्या.

तापकीर_गल्ली
वरच्या भाऊंना प्लस वन. आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये जुन्या मोजणी कार्डासाठी असलाच अडॅप्टर लावला होता, विंडोजवर गुण्यागोविंदाने चालला, लिनक्सवर मात्र मधेच इंटरप्ट (कार्डाकडून पीसीला जाणारा इशारा) अडकायचा. चिप एएसएम१०८३ होती, ती त्यासाठी बदनामच आहे. धंद्याच्या मशीनला हा जुगार कशाला? सेकंडहँड डेल ऑप्टिप्लेक्स ७०१० बघा (२०१२ च्या सुमाराचा, त्याच नावाचा नवा नको), त्यात एक पीसीआय स्लॉट येतो. पण मिनी टॉवरच घ्या हां, छोट्या कॅबिनेटवाल्यात तो स्लॉट नसतो.

शिरोलीवाला
पुण्याहून एक ७०१० मागवला. अजून एक भानगड निघाली, जुनी हार्डडिस्क आयडीई, म्हणजे रुंद पट्टीच्या केबलची, आणि यात फक्त नव्या पद्धतीची साटा. कन्व्हर्टर लावून डिस्कची जशीच्या तशी कॉपी साटा डिस्कवर घेतली, बायोसमध्ये लेगसी बूट आणि साटा एटीए मोडवर (म्हणजे डिस्क जुन्या आयडीईसारखी दिसते) ठेवला.

जुनाट_हार्डवेअर
जुनी डिस्क तशीच बाजूला ठेवा, पुसू नका.

शिरोलीवाला
ठेवलीय कपाटात. आणि डॉस उठला भावांनो, सॉफ्टवेअरला कार्डपण दिसलं! फक्त वाय अक्ष उलटा पळतोय, पण मोटरच्या वायरी काढताना आमच्या पोरानं खुणा केल्या नव्हत्या, त्यामुळे तो गुन्हा कार्डाचा नाही.