मदत हवी आहे: ओरेगॉनमध्ये थंडरएग (ज्वालामुखी खडकात तयार होणारे, बहुधा आत अगेट किंवा जास्पर भरलेले दगडी गोळे) शोधताना नेमकं कुठे खणायचं?

गेल्या शनिवारी प्राइनव्हिलजवळ, ओचोको डोंगरातल्या व्हाइट फर स्प्रिंगला गेलो होतो. लोकांच्या जुन्या खड्ड्यांच्या कडेने चार तास कुदळ चालवली, दोन फूट खाली गेलो. हाती काय, तर रायोलाइट या ज्वालामुखी खडकाचा चुरा आणि तीन फुटके गोळे! आपल्याकडे बेसॉल्टच्या (काळ्या पाषाणाच्या) पोकळीत झिओलाइटचे स्फटिक असले तर निदान डोळ्यांना दिसतात, इथे सगळं चिकणमातीत दडलेलं. ओढ्यातही पाहिलं, काही नाही.

तिथे यंत्रांना परवानगी नाही, फक्त हातातली अवजारं. सोबत सात वर्षांची मुलगी असते, म्हणून कपारीखाली पोखरणार नाही. पुढच्या महिन्यात परत जातोय.

तर जुनाच खड्डा खोल करावा, की उतारावर वरच्या अंगाला नवा घ्यावा? आणि गोळ्यांचा थर जवळ आलाय हे मातीवरून कसं ओळखता?