कॉलेजातली दारू: मुलींनो, आपापले अनुभव लिहा

या विषयावर आपण रूममध्ये दार लावून भरपूर बोलतो पण उघडपणे कधीच नाही, म्हणून धागा काढतेय. प्यायलात, सोडलीत, कधी तोंडाला लावली नाही पण दुसरीचे केस धरून बेसिनपाशी उभ्या राहिलात, सगळं चालेल. उपदेश नको, आणि 'आम्ही किती रिचवली' अशा फुशारक्या पण नकोत. कोणाचं नाव, कॉलेज काही लिहू नका. सुरुवात मीच करते.

फर्स्ट इयर, कोणाचा तरी बर्थडे, संत्र्याच्या ज्यूसमध्ये व्होडका. चव लागतच नव्हती त्यामुळे मला वाटलं काही होत नाहीये. ग्रुपमधल्या मुलांच्या बरोबरीने ग्लास मोजत होते, चार त्यांचे चार माझे. ते गप्पा मारत बसले आणि माझी मात्र रात्रच गायब. बेशुद्ध नव्हते हां, मी नाचले, भांडले, जिना चढून रूमवर आले म्हणे. सकाळी फोन बघितला तर रात्री पावणेदोनला आईला कॉल, ४७ मिनिटं! काय बोलले एक शब्द आठवत नाही. आईने दुसऱ्या दिवशी फक्त विचारलं, आता बरं वाटतंय ना? मी हो म्हटलं. त्याला सहा वर्षं झाली, आम्ही दोघी त्यावर बोललेलो नाही.

मुलामुलींचं वजन सारखं असलं तरी मुलींच्या अंगात पाण्याचं प्रमाण कमी असतं त्यामुळे तेवढ्याच दारूने रक्तातलं प्रमाण जास्त चढतं, हे मला खूप नंतर कळलं. आणि ते एकदम वर गेलं की मेंदू आठवण साठवायचंच बंद करतो, माणूस वरून चालता बोलता दिसतो. बरोबरीची हौस चुकीच्या ठिकाणी भागवली मी.

*

मी हॉस्टेलला होते. लांबलचक होणार आहे, सांभाळून घ्या. आमच्यातल्या एकीने परीक्षा संपल्याच्या रात्री पैज लावून नीट घेतली, म्हणजे पाणी न घालता, धडाधड. अर्ध्या तासात आडवी. आम्ही तिला उताणी झोपवली, अंगावर पांघरूण घातलं, एकीने जबरदस्ती कॉफी पाजायचा प्रयत्न केला (कॉफीने काही उतरत नाही, लिव्हर आपल्या वेगानेच काम करतं, साधारण तासाला एक ड्रिंक, पण तेव्हा कोणाला माहीत), आणि ठरलं की झोपू दे, सकाळपर्यंत उतरेल. आता कळतं की पिणं थांबलं तरी पोटात गेलेली रक्तात उतरतच राहते, त्यामुळे झोपलेला माणूस तासाभराने आधीपेक्षा वाईट अवस्थेत असू शकतो.

नशीब शेजारच्या रूममध्ये नर्सिंगची एक मुलगी होती. ती आली आणि पहिल्यांदा आम्हाला शिव्या घातल्या, मग तिला कुशीवर वळवली, वरचा गुडघा पुढे दुमडून, म्हणजे उलटी झाली तर घशात अडकणार नाही. मोबाईलवर टायमर लावून श्वास मोजले. मिनिटाला सात. नखं निळसर, हात थंडगार, चिमटा काढला तरी ढिम्म. ती म्हणाली अॅम्ब्युलन्स बोलवा आत्ताच्या आत्ता.

आणि आम्ही काय केलं असेल? वीस मिनिटं वाद घातला. रेक्टरला कोण उठवणार, तिच्या घरी कळेल, आपल्या सगळ्यांच्या घरी कळेल, हॉस्टेलमधून काढतील. वीस मिनिटं! आणि ती तिथे तशी पडलेली. शेवटी नर्सिंगवालीनेच फोन लावला. वाचली ती. घरी पत्र गेलंच, आणि ती आमच्याशी दोन महिने बोलली नाही, का सांगितलंत म्हणून. मला तिचा राग नाही आला. मला त्या वीस मिनिटांचा येतो, अजूनही.

*

मी पीत नाही. पार्टीत हातात साधा सोडा धरून उभी राहते म्हणजे 'अगं घे ना थोडी' सुरू होत नाही. रिकामा हात दिसला की लोकांना चैनच पडत नाही.

*

वरच्या सगळ्या पार्ट्यांच्या गोष्टी. माझी पार्टीची नाहीच. थर्ड इयरला झोप लागेना म्हणून एकटी, रूममेट झोपल्यावर. बाटली सॅनिटरी पॅडच्या मोठ्या पाकिटात ठेवायचे, तिथे कोण हात घालतंय. आधी ३० मिली, मग ६०, मग मोजणं सोडलं. झोप पटकन लागायची पण तीन वाजता खाडकन जाग, छाती धडधडतेय, आणि त्या धडधडीवर उपाय म्हणून परत तेच. मार्क चांगले होते त्यामुळे कोणाला शंका नाही. दुपारी हात थरथरायला लागले तेव्हा घाबरून डॉक्टरकडे गेले. त्यांनी बजावलं की रोजची भरपूर सवय असेल तर स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नकोस, फिट येऊ शकते, आमच्या देखरेखीत कमी करू. चौदा महिने झाले. मध्ये दोनदा परत प्यायले, ते धरून सांगतेय.

*

मला थोडं वेगळं म्हणायचंय, मारू नका. मी पिते, दोन, सावकाश, पोटभर जेवून, आणि मला त्याची लाज वाटत नाही. चीड येते ती याची की मुलगा ओकला तर वर्षभर चेष्टेचा किस्सा आणि मुलगी ओकली तर 'वाया गेली'. मग पोरी लपवतात, आणि लपवून प्यायलेलं पटापट प्यायलं जातं. एकच नियम पाळते, ग्लास पूर्ण संपल्याशिवाय कोणाला भरू देत नाही. अर्ध्यावर कोणी ओतत राहिलं की हिशोब गेला.

*

हो, भरत राहणारा एक असतोच. माझ्या बाबतीत ओळखीचा होता. जास्त लिहीत नाही. नंतर ज्या ज्या मैत्रिणीला सांगितलं तिने आधी विचारलं, किती प्यायली होतीस? एकीनेच फक्त विचारलं, आत्ता कुठे आहेस, येऊ का.

*

मी तुमच्यापेक्षा बरीच मोठी, मुलगी कॉलेजला आहे. तिला सांगून ठेवलंय, कितीही वाजता फोन कर, प्रश्न सकाळी विचारीन. एकदा आला फोन. गाडीत तोंडातून शब्द न काढणं फार जड गेलं हो मला. आणि खरं सांगायचं तर सकाळी ओरडलेच.

*

धागा काढणारी मीच परत. हे सगळं वाचून काल आईला फोन केला, विचारलं त्या रात्री मी काय बोलले. म्हणाली, दोनच मिनिटं बोललीस, काही कळत नव्हतं, मग घोरायला लागलीस. मग बाकीची पंचेचाळीस मिनिटं? म्हणाली, ऐकत बसले होते, घोरणं थांबलं तर कोणाला फोन करायचा ते ठरवत होते, तुझ्या एकाही मैत्रिणीचा नंबर नव्हता माझ्याकडे.

बाबा शेजारीच झोपले होते म्हणे. त्यांना अजून माहीत नाही.