मिस्टमधल्या भुयारात अडकलोय, मदत हवी आहे (थेट उत्तर नको!)

मंडळी, इथे कुणी मिस्ट खेळलंय का? १९९३ चा, मिलर बंधूंचा कोडी सोडवायचा कॉम्प्युटर गेम. बेट, ग्रंथालय, पुस्तकांत कोंडलेले सिरस आणि अकेनार हे दोघे भाऊ, लाल आणि निळी पानं.

मी सध्या गेममधल्या सेलेनिटिक नावाच्या जगात आहे. तिथे नेणाऱ्या रॉकेटमधलं कोडं फार आवडलं. पियानोवर पाच सूर वाजवायचे, ते कानात धरून ठेवायचे आणि समोरच्या पट्ट्या सरकवून तेच सूर जुळवायचे. हेडफोन लावल्याशिवाय जमणं कठीण. पुढे पाणी, आग, स्फटिक, घड्याळ, वारा हे आवाज शोधून दारही उघडलं.

आता खाली रुळांवरच्या गाडीत बसलोय. प्रत्येक फाट्यावर एक आवाज येतो, कधी टण्ण, कधी दोन आवाज एकत्र. प्रत्येक आवाज म्हणजे एकेक दिशा असावी असं वाटतंय. मेकॅनिकल या गेममधल्या दुसऱ्या जगातला फिरता किल्ला वळवतानाही असेच आवाज ऐकल्यासारखं वाटतं. त्याचा इथे संबंध आहे का? की खूण या भुयारातच कुठेतरी आहे? आणि दोन आवाज एकत्र आले तर ईशान्य, वायव्य अशा मधल्या दिशा समजायच्या का?

कृपया पूर्ण रस्ता लिहू नका. तो नेटवर सहज मिळेल, पण मला स्वतः सोडवायचंय. किल्ल्यात परत जाऊन आवाज टिपून आणावेत का, एवढं सांगितलंत तरी पुरे.