घरी बांधलेली गाडी आणि "टाका मारला की झालं"

कॉव्हेंट्रीकर: परवा इथे कुणीतरी लिहिलं, की गाडी बांधताना ब्रॅकेट (भाग चौकटीला धरून ठेवणारी पट्टी) विकत घेणारे "नुसते जोडकामवाले", खरा गडी तो जो पट्टी वाकवून घरीच टाका, म्हणजे वेल्ड, मारतो. डोकं फिरलं म्हणून लांबलचक लिहितोय.

3 वर्षं गॅरेजात लोटस सेव्हन या छोट्या उघड्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या धाटणीची किट कार, म्हणजे सुटे भाग आणून घरी जोडायची गाडी, बांधतोय. पहिल्या वर्षी मीही असाच शूर होतो. बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचं ब्रॅकेट 3 एमएम पट्टीचं केलं. पुठ्ठ्याचा फर्मा, भोकं अगदी सुबक. इंजिन तासभर चाललं आणि वेल्डच्या कडेला तडा. वेल्ड शाबूत, शेजारची पट्टी गेली! लांब हात, त्याला कोपऱ्यात आधार नाही, वर इंजिनाची थरथर.

त्याहून वाईट म्हणजे सीट बेल्टचा बोल्ट. चौकोनी पाइपमधून आरपार घातला, आत बुश (पाइप चेपू नये म्हणून घालायची नळी) नाही. वाटत होतं बोल्ट आवळला जातोय, चेपत होता पाइप. अल्टरनेटर तुटला तर बॅटरी उतरते. बेल्ट सुटला तर?

पाना_बारा_तेरा: तो कुणीतरी मीच. तुम्ही आधार दिला नाहीत, त्यात घरकामाचा काय दोष? माझं इंजिन मारुती 800 चं, तीन सिलिंडर, तुमच्यापेक्षा जास्त थरथरतं. दोन वर्षांत तडा नाही. एकदा इंजिन बसवायचं माउंटिंग विकत आणलं, तर भोक 4 एमएम सरकलेलं! घासून घासून बसवलं. आमच्या कोल्हापुरात उद्यमनगरला सकाळी पुठ्ठा नेला की संध्याकाळी भाग हातात. देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून किकवर चालू होणारी जीप केली, त्यांनी कुठलं किट मागवलं होतं?

शेतावरची बग्गी: लोहारांना दंडवतच. पण आनंद महिंद्रांनी जीपच्या बदल्यात बोलेरो देऊ केली तेव्हाच म्हटलं होतं, की ही नियमांत बसत नाही, आज ना उद्या अडवतील. आपल्याकडे प्रश्न ब्रॅकेटचा नाहीच, आरटीओचा आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचा, 2019 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल वाचा. कंपनीने ठरवलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल नको, म्हणजे नको. मग जिला कंपनीच नाही त्या गाडीचं काय? गाड्या तपासून मंजुरी देणारी एआरएआय संस्था माझ्या घरापासून 15 मिनिटांवर, पण माझ्यासाठी चंद्रावर. 6 वर्षं बग्गी शेतावर उभी आहे, सीटवर कोंबडी अंडी घालते.

कॉव्हेंट्रीकर: विषय कुठे चाललाय? पण निघालाच आहे तर सांगतो, ब्रिटनमध्ये आयव्हीए म्हणून एकेका गाडीची तपासणी असते. पहिल्या खेपेला मी नापास. बाहेर आलेल्या एका ब्रॅकेटच्या कडेला 2.5 एमएमची गोलाई नव्हती.

पाना_बारा_तेरा: म्हणजे तुमचं सरकार घरचं काम पास करतं, आणि तुम्ही आम्हाला विकतचं घ्या म्हणून शिकवताय! वा!

शेतावरची बग्गी: तेच तर! तसली तपासणी इथे द्या, मी कड 5 एमएम गोल करून आणतो.

जुना फिटर: 31 वर्षं शॉपवर काढली. इतकं वाचलं, बोल्टच्या ग्रेडबद्दल एक अक्षर नाही. डोक्यावर 8.8 ची, म्हणजे मजबुतीच्या ग्रेडची, खूण नसलेला बोल्ट सस्पेन्शनला लावणाऱ्याला मी उभा केला नसता. भोकात बोल्टचा गुळगुळीत भाग यायला हवा, आटे नव्हेत. आणि 6061 जातीच्या ॲल्युमिनियमला वेल्ड मारून मिरवणाऱ्यांनो, टाक्यालगतचा भाग मऊ पडतो. कोर्टकचेरी नंतर करा.

शेतावरची बग्गी: काका, 8.8 लावला तरी पोलीस पावती फाडणारच.

जुना फिटर: फाडू दे. पावती फाटलेली परवडते.

पाना_बारा_तेरा: बरं महाराज, बेल्टच्या पाइपात उद्या बुश घालतो. झालं समाधान? पण ब्रॅकेट मीच करणार. आणि रंगही देणार नाही, माझा टाका जगाला दिसू दे.

जुना फिटर: गंजेल. पांढरा दे. तडा गेला की काळी रेघ लांबून दिसते.